रडणाऱ्याला धीर कसा द्यावा? सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या महिला मंडळांत आणि पालकसभांत मी या विषयावर बोलायला जाते, तेव्हा फिरून फिरून हेच प्रश्न येतात. आपल्याकडे शेजारधर्म कमी आहे असं मुळीच नाही. कुणाच्या घरी काही झालं की माणसं चपला घालून निघतात, पिठलं-भाकरी घेऊन पोहोचतात, रात्रभर बसतात. हात बरोबर काम करतात. घोटाळा होतो तो तोंडाचा, म्हणून इथं बरंचसं बोलण्याबद्दलच आहे.

शेजारीण समोर रडायला लागली तर पहिलं वाक्य कोणतं बोलू?

बहुतेक वेळा वाक्य लागतच नाही. शेजारी बसा. पाणी द्या, पण लगेच तिचे डोळे पुसायला धावू नका. थोडा वेळ गेला की "काय झालं, सांग की" एवढं पुरतं. सांगायची इच्छा दिसली नाही तर "बरं, नको सांगू, मी बसलेय इथं" म्हणा आणि खरंच बसा. घड्याळाकडं किंवा मोबाइलकडं एकदा जरी नजर गेली तरी समोरच्याला ती दिसते.

ती बोलायला लागली की एक गोष्ट विचारून घ्या: "नुसतं ऐकू, का दोघी मिळून काही मार्ग बघूया?" हा प्रश्न बायकांना फार औपचारिक वाटतो. विचारून बघा, समोरचीचे खांदे सैल पडतात.

"रडू नकोस" यात वाईट काय? आई-आजी हेच म्हणत आल्या.

आजी म्हणायची तेव्हा तिचा हात पाठीवर असायचा. धीर त्या हातानं यायचा, शब्दांकडं कुणाचं लक्षच नसायचं. तेच शब्द फोनवर किंवा दारात उभ्या उभ्या ऐकले की हुकमासारखे लागतात.

"रडू नकोस", "एवढं काय त्यात", "जाऊ दे, सोड", "मनाला लावून घेऊ नकोस", "तुझ्यापेक्षा वाईट दिवस काढणारे किती आहेत बघ." या सगळ्यांतून निरोप एकच जातो, की तुझं हे रडणं मला बघवत नाही, ते थांबव. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण त्या क्षणी तो स्वतःची बेचैनी मिटवत असतो. पुढं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. ती "हो, बरी आहे मी" म्हणते, पदर सावरते, चहा टाकायला उठते आणि पुन्हा आपल्याला काही सांगत नाही.

भावना दाबून ती कमी होते का, हे मानसशास्त्रज्ञांनी तपासलंय. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांच्या १९९७ च्या प्रयोगात काही जणांना दुःखद चित्रफीत दाखवून चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असं सांगितलं होतं. चेहऱ्यावर कमी दिसलं, आतलं दुःख तेवढंच राहिलं आणि हृदयावरचा ताण उलट वाढला. २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाला असं दिसलं की भावनेला नाव दिलं की मेंदूतला भीती-धोक्याशी जोडलेला अमिग्डाला हा भाग शांत होतो. म्हणून "एवढं काय त्यात" च्या जागी "लागलं असणार तुला ते" म्हणा, आणि "जाऊ दे" च्या जागी "अजून मनातून निघत नाही ना?" म्हणा. वाक्य तेवढंच लहान आहे, पण तिला पुढं बोलायला वाट मिळते.

"सगळं ठीक होईल" हे तरी म्हणू का?

तुम्हाला ठाऊक असेल तर म्हणा. ठाऊक नसेल तर आपल्या हातात असलेलं वचन द्या: "उद्या दवाखान्यात मी येते बरोबर, नऊला तयार राहा." आणि नऊला जा.

मयताच्या घरी गेल्यावर काय बोलायचं तेच सुचत नाही.

सुचत नाही तर तसंच सांगा. "काय बोलू कळत नाही, म्हणून नुसती आलेय." यात लाजण्यासारखं काही नाही.

टाळायचं काय, ते मात्र नीट लक्षात ठेवा. "सोनं झालं", "सुटले बिचारे", "वय झालंच होतं", "देवाची मर्जी", "आता पोरांकडं बघून जगायचं." यातलं काही घरच्यांनी स्वतः म्हटलं तर मान हलवा. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं करून थकलेली सून "सुटले" म्हणते, तेव्हा त्या एका शब्दात तिचं दुःखही असतं आणि सुटकाही. तेच पाहुण्यानं म्हटलं की त्यात फक्त हिशेब उरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे "कसं झालं? किती वाजता? डॉक्टर काय म्हणाले?" प्रत्येक येणारा हे विचारतो आणि त्या बाईला शेवटची रात्र प्रत्येकासाठी पुन्हा सांगावी लागते. माहिती हवी असेल तर अंगणात पुतण्या-भाचा कुणीतरी उभा असतोच, त्याला विचारा. तिनं आपणहून सांगायला घेतलं तर मात्र दहाव्यांदा असलं तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐका.

गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला लोक घाबरतात, आठवण काढली तर ती रडेल म्हणून. ती आठवणीतच बसलेली असते. "काका पहाटे दूध घालायला जाताना हाक मारल्याशिवाय कधी पुढं गेले नाहीत" अशी एखादी खरी आठवण घरच्यांना वर्षानुवर्षं पुरते.

आणि गर्दी ओसरल्यावर जा. रक्षाविसर्जनाला अख्खं गाव असतं, बाराव्या-तेराव्यापर्यंत पाहुणे असतात, त्यानंतर घर एकदम रिकामं होतं. महिन्यानं जा. पहिल्या गणपतीला, पहिल्या दिवाळीला जा. त्या वर्षी त्यांच्या घरात फराळ केलेला नसतो, तेव्हा डबा हातात असू द्या.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात म्हणे: नाकारणं, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. त्या क्रमानं येतात का?

नाही. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागं राहिलेल्यांना बघून नव्हे. कुणी रागावेल, कुणी तिसऱ्या दिवशी हसेल, कुणी वर्षभरानं पहिल्यांदा रडेल. "अजून रागातच आहेस? आता स्वीकार यायला हवा" असलं मोजमाप कुणाच्या दारी नेऊ नका.

जावेचं पोटातलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं. मी काय बोलू?

"वाईट झालं गं. किती आशेनं होतीस." एवढंच.

"अजून वय आहे", "परत राहील", "एक आहे ना पदरात", "काही दोष असेल म्हणून गेलं, बरंच झालं" यातलं एकही नको. तिचं गेलेलं मूल पुढं होणाऱ्या मुलानं भरून निघत नाही. घरात कुणी "जड उचललं असशील", "पपई खाल्लीस", "एसटीनं कशाला गेलीस" असं सुरू केलं तर तिथं जाऊबाईंनी आवाज चढवला तरी चालेल. पहिल्या तीन महिन्यांतले बरेचसे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या बिघाडानं होतात, आईच्या कामानं नाही. हे तिला सांगायचं ते ती स्वतःला दोष देत असेल तेव्हा. एरवी तिला शास्त्र नको असतं, सोबत हवी असते. दिराशीही दोन शब्द बोला. त्याला कुणी विचारत नाही.

मुलगा सैन्यभरतीत पुन्हा मागं पडला. दोन दिवस खोलीतून बाहेर नाही. मी बाप, काय करू?

आपल्या पट्ट्यात भरती म्हणजे नुसती नोकरी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, गावोगावी माजी सैनिक, पहाटे अंधारात रस्त्यानं धावणारी पोरं. १६०० मीटरमध्ये काही सेकंदांनी मागं पडलेल्या पोराचं गावातलं स्थान हललेलं असतं, आणि वय निघून चाललंय ही धास्ती वेगळीच.

पहिल्या दिवशी सल्ला नको. "सराव कमी पडला" हे त्याला तुमच्याआधी कळलंय. दारावर टकटक करा, ताट आत द्या, "एवढे कष्ट घेतलेस आणि थोडक्यात गेलं, मला पण वाईट वाटतंय" म्हणा आणि परत या. बापाला वाईट वाटलं, पण आपली लाज वाटली नाही, हे त्याला कळणं सगळ्यात मोठं. नंतर एक काम करा: पाहुण्यांचे फोन तुम्ही घ्या. "काय झालं रे भरतीचं?" याचं उत्तर त्याला पंधरा वेळा द्यायला लावू नका.

दहावीच्या निकालाचंही असंच. कर्नाटकात एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा त्याच वर्षात पुन्हा देता येते, ही माहिती उपयोगाची आहे, पण ती दुसऱ्या दिवशी सांगा. निकालाच्या दिवशी तीच माहिती "रडायचं कारण काय" अशी ऐकू येते.

पुरात घर गेलेल्यांना काय म्हणावं? "जीव वाचला हेच खूप" असं सगळे म्हणतात.

ते खरंच आहे, पण ते त्यांनी म्हणायचं वाक्य आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा-दूधगंगा, कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या, निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर पाणी आलं. तेव्हा लोकांचं गेलं ते फक्त छप्पर नव्हतं. म्हशी, जोंधळ्याची पोती, पोरांची सर्टिफिकेटं, लग्नातले फोटो, सगळं चिखलात. एकेका वस्तूचं नाव घेऊन माणूस हळहळतो तेव्हा "फोटोचं काय एवढं" म्हणू नका. त्या फोटोतली सासू आता हयात नसते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये इतर संस्थांबरोबर आपत्तीतल्या मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सार तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडा. आधी सुरक्षितता आणि निकडीच्या गरजा बघा, मग ऐका, मग मदतीशी जोडून द्या. "मन मोकळं कर, सांग काय काय झालं" असा आग्रह करायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडं "जोडा" म्हणजे बरेचदा कन्नडमधला अर्ज. पंचनाम्याचा कागद ज्याला वाचता येत नाही त्याच्याबरोबर तहसीलदार कचेरीत दोन तास बसणारा माणूस दहा सांत्वनांपेक्षा जास्त धीर देतो.

नवरा काही बोलतच नाही. कारखान्याकडून उसाचं बिल थकलंय, रात्र रात्र जागा असतो.

समोर बसवून "मनात काय आहे ते सांगा" म्हटलं की आपले पुरुष आणखी मिटतात. बऱ्याच जणांना नजरेला नजर न देता बोलणं सोपं जातं. गाडीवर मागं बसून, बांधावरून चालताना, गोठ्यात वैरण टाकताना विचारा. "झोप लागत नाही तुम्हाला, मला कळतंय" इतकंच म्हणून गप्प राहिलात तरी बीज पडतं. तो रडला तर "बाईसारखं काय रडताय" हे वाक्य घरातल्या कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका, त्याच्या आईच्यासुद्धा.

म्हणजे समोरचा म्हणेल ते सगळं बरोबर म्हणायचं?

अजिबात नाही. लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

समजा, वाटणीवरून भावाशी भांडून मैत्रीण आलीय. "त्यानं मला फसवलं, त्याचं तोंड बघणार नाही" म्हणते. तुम्हाला ठाऊक आहे की कागदपत्रं बघितली तर भावाची बाजूही आहे. "हो, तो तसलाच" म्हटलंत तर आगीत तेल. "त्याचंही बरोबर आहे की" म्हटलंत तर ती उठून जाईल. तिसरी वाट अशी: "सख्ख्या भावानं असं केलं असं वाटणं फार जड असतं." यात तुम्ही सातबारावर, इथल्या भाषेत उताऱ्यावर, काहीच मत दिलेलं नाही. तिला जे वाटतंय ते वाटतंय, एवढंच मान्य केलंत. भावाची बाजू आठ दिवसांनी निघेल, तेव्हा ती ऐकेलही.

वाटण्याला हो म्हणायचं, वागण्याला नाही म्हणता येतं. राग आलाय हे मान्य, पण पोराला मारणं मान्य नाही.

आपलाही तसाच अनुभव सांगावा का?

दोन वाक्यांत संपत असेल तर. तिसऱ्या वाक्याला समाचाराला आलेला माणूस स्वतःचा समाचार घ्यायला लावतो.

आजोबा दरवर्षी १ नोव्हेंबरला अस्वस्थ होतात. आम्हा नातवंडांना ते जुनं झालंय. काय बोलावं?

१ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. आजोबांसाठी तो काळा दिवस आहे आणि त्याच दिवशी रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक आहे. त्यांनी मोर्चे पाहिले, काहींनी लाठ्या खाल्ल्या, मित्र गमावले. "आता काय होणार आहे त्याचं", "आम्हाला कन्नड येतं, आमचं काही अडत नाही" हे तुमच्यापुरतं खरं असेल, पण त्या दिवशी ते त्यांच्या अख्ख्या आयुष्यावर फुली मारतं.

सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो. त्या दिवशी त्यांच्याजवळ बसून विचारा, "तुम्ही तेव्हा कुठं होता? कोण कोण होतं बरोबर?" बहुतेक आजोबांना न्यायालयाच्या तारखेवर चर्चा नको असते. त्यांना गेलेल्या सोबत्यांची नावं कुणीतरी ऐकायला हवी असतात. हाच न्याय उलटही लावा. भाषेवरून कचेरीत पाणउतारा होऊन कुणी घरी आलं, मराठी असो वा कन्नड, तर "शिकायला नको का" हे पहिलं वाक्य असू नये.

शेजारीण कन्नड आहे. मला मोडकं तोडकं येतं. चुकीचं बोलेन अशी भीती वाटते.

मोडकं चालतं. "एनात्री?", "ऊटा आतेन्री?", "ना अदीनि" इतक्यावर काम भागतं. काय झालं, जेवण झालं का, मी आहे. आणि "होगली बिडु" टाळा. आपल्या "जाऊ दे, सोड" चाच तो भाऊ आहे आणि तसाच लागतो. शब्द संपले तर तिला तिच्या भाषेत रडू द्या. सगळं कळलं नाही तरी चालतं.

व्हॉट्सॲपवर श्रद्धांजली टाकली तर पुरे का?

ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेत तर तुम्हीही जोडा, हरकत नाही. पण जवळचा माणूस असेल तर वेगळा मेसेज करा आणि शेवटी लिहा: "उत्तर द्यायची गरज नाही." "काही लागलं तर सांग" हे मात्र लिहू नका. दुःखातला माणूस काय लागतंय ते ठरवून फोन करत नाही. "शनिवारी पोरांना मी शाळेतून आणते" असं ठरलेलं काम लिहा.

ती म्हणाली, "जगावंसं वाटत नाही." मी घाबरले आणि विषय बदलला.

परत जा आणि सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट कुणाला तरी सांगता आलं म्हणून ओझं हलकं होतं. "असं अभद्र बोलू नये", "पोरांचा विचार कर" यांनी ती फक्त गप्प होईल.

हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. शेतीच्या घरात कीटकनाशक आणि तणनाशकाचे डबे हाताशी असतात, ते त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फुकट आणि चोवीस तास चालतो. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा आहेत. ती बोलणार नसेल तर तुम्ही लावून विचारा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो आणि धारवाडला डिम्हान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. शेतातलं विषारी औषध पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. डबा बरोबर घ्या, १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. पोलिसांची भीती वाटून कुणी घरीच थांबू नये. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अशा माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालचा समजतो आणि उपचार देणं सरकारवर टाकतो.

"कुणाला सांगू नकोस" अशी शपथ तिनं घातली तरी ती पाळायची नाही. तिलाच सांगा, "हे मी एकटी सांभाळू शकत नाही, आपण दोघी मिळून कुणाला तरी सांगू."

दुःख किती दिवस चालणं ठीक?

तारीख नसते. पण अंघोळ, जेवण, झोप, कामधंदा सगळंच दोन आठवडे सलग कोलमडलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा, ते नैराश्य असू शकतं. जवळचं माणूस जाऊन सहा महिने ते वर्ष उलटलं, तरी रोजचं जगणंच अडून राहिलं असेल, तर त्यासाठीही उपचार आहेत. बाळंतिणीचं रडू दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर "नवं आहे, सवय होईल" म्हणत थांबू नका.

सगळ्यांचं ऐकून मीच दमते.

दमणारच. सगळ्या गल्लीचं ऐकायचा मक्ता तुमचा नाही. "आज माझ्यानं होणार नाही, उद्या सकाळी येते" असं सांगणं म्हणजे कुणाला झिडकारणं नव्हे. अर्ध्या लक्षानं ऐकण्यापेक्षा ते बरं. आणि ऐकलेलं कुणाचं नाव न घेता आपल्या एखाद्या माणसापाशी उतरवा. नाव घेऊन उतरवलंत तर संध्याकाळपर्यंत ते पाणवठ्यावर असेल.

"एवढं काय त्यात" म्हणून गेले. आता तोंड कसं दाखवू?

दोन दिवसांत जा. लांबण लावू नका, माफीचं भाषण नको. "परवा मी घाईनं बोलले, तुझं नीट ऐकलंच नाही. आता सांगशील?" ती "जाऊ दे गं" म्हणेल. तरी बसा.